सांबऱ्याचं आभाळ

ज्या घरात भुताला उभ्या जन्मात थारा मिळाला नाही, त्याच घराच्या गच्चीवर भूत दिसायला लागलं तर माणसानं जावं कुणाकडं?

अक्षराची पंचाईत हीच होती. तिचा बाप धर्मराज गुरुजी म्हणजे निपाणीतल्या मराठी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस. वर्गात कुणी भुताचं नुसतं नाव काढलं तरी गुरुजी त्या पोराला उभं करायचे. "बघितलंयास? तू सोता? न्हाय न्हवं? मग बस खाली." एका वर्षी तर आख्खी नववी त्यांनी दिवेलागणीला स्मशानात नेली आणि कट्ट्यावर बसवून भडंग खायला घातलं. दुसऱ्या दिवशी आयाबाया भांडायला आल्या. गुरुजी म्हणाले, "भडंग लई तिखट झालतं, एवढी तक्रार मला मान्य हाय. बाकीचं सोडा." आता अशा माणसाचं भूत झालंय असं त्यांनाच जाऊन सांगितलं असतं, तर पोट धरून हसले असते.

गुरुजी सप्टेंबरात गेले. सकाळचा चहा अर्धा पिऊन कप खाली ठेवला, आणि ठेवला तो ठेवलाच. नोव्हेंबरात अक्षरा चार दिवस रजा काढून नोकरीच्या गावाहून, मच्छेहून, आई तानीबाईकडं आली. संध्याकाळी गच्चीवर गेली, बापाच्या दुर्बिणीवरची ताडपत्री काढली, डोळा लावला. आणि डाव्या बाजूच्या स्टुलावर बाप बसलेला तिला दिसला.

तिनं झटकन मान वळवली. स्टूल रिकामं. पुन्हा डोळा लावला, तर बसलेलेच! मान खाली, पाठीला जरासा बाक, अंगात तो राखाडी स्वेटर. ती धडाधडा जिना उतरून खाली आली आणि आईला म्हणाली, थंडी लई हाय वर.

आता ही दुर्बीण काय चीज होती तेही सांगितलं पाहिजे. तिचा दहा इंची आरसा गुरुजींनी स्वतःच्या हातानं घासलेला. तंबाखूची एक बंद पडलेली वखार होती, तिथं लोखंडी पिंपावर काच ठेवून, भोवती फेऱ्या मारत, सहा महिने. त्याच वखारीत त्यांची आई जन्मभर तंबाखू चाळत होती आणि हजेरीच्या वहीवर अंगठा उठवत होती. आरसा झाल्यावर गुरुजींनी दुर्बीण गच्चीवर चढवली आणि दक्षिणेकडं तोंड करून ठेवली, कारण त्या बाजूला अजून शेतं होती आणि आभाळ काळं होतं.

दक्षिणेला खाली, शेतांच्या वरच्या अंगाला, गुरुजींची लाडकी होती. एक दीर्घिका. अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा, दोन हात पसरून स्वतःभोवती गिरकी घेत असलेला. तज्ज्ञांच्या यादीत तिला नुसता आकडा आहे. गुरुजी तिला भोवरी म्हणायचे. दुर्बिणीतून ती दिसायची म्हणजे काय, काचेवर सोडलेल्या वाफेएवढी. तिचा उजेड पाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला. पोरं विचारायची, गुरुजी, मग त्यातला एखादा तारा मेला असंल तर? गुरुजी म्हणायचे, "मेला असंल की. पर त्याचा उजेड निघालाय न्हवं? त्यो वाटंतनं माघारी फिरत न्हाय."

भोवरीकडं थेट बघितलं की ती विरघळायची. अंधारात डोळ्याचा मधला भाग आंधळा असतो आणि कडेचा शहाणा. म्हणून गुरुजींनी अक्षराला लहानपणीच शिकवलं होतं, "थेट बघू नको. जरा बाजूला बघ, ध्यान मातुर तिच्यावर ठेव. आन् दुसरा डोळा मिटायचा न्हाय." तिला तशी सवय लागली होती. भोवरी बघायची म्हणजे नजर डावीकडं सरकायची, आणि डावीकडं ते स्टूल होतं.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. अक्षरा दर रविवारी निपाणीला यायची आणि दर रविवारी तो बसलेला असायचा. बोलत नव्हता, वर बघत नव्हता. भीती दुसऱ्या वेळेलाच संपली होती. राहिलं ते भीतीपेक्षा वाईट. हा माणूस कशासाठी आलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेजारच्या गुणाबाईंना तिनं आडून आडून विचारलं. गुणाबाई शेतकरीण, चार पावसाळे जास्त बघितलेली. "अगं, जीव अडकला असंल कुणाचा तर त्याच्या आवडीचा निवद ठेवायचा. कावळा शिवला की मोकळं झालं. आमच्यात तसंच करत्यात." मग म्हणाली, "तुमच्यात काय करत्यात गं?" तुमच्यात काहीच करत नाहीत. अक्षराच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. नवस, निवद, देवऋषी यांना गुरुजींनी उंबऱ्याबाहेर घालवून कडी लावलेली. तरी तिनं एका रविवारी आईच्या चोरून भाकरी आणि सुकटीची चटणी गच्चीवर ठेवलीच. ती मांजरानं खाल्ली. एवढी शिकली-सवरलेली बाई, मांजराचं खरकटं उचलताना लाजेनं अर्धी झाली.

तर काय झालं होतं ते ऐका.

अक्षरा मच्छेच्या कारखान्यात तपासनीस आहे. पंपाचे ओतीव भाग मोजायचे, बरोबर असले तर सही करायची. तिथं नियम दोन सह्यांचा. एकानं तपासायचं, दुसऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून तपासायचं आणि मग सही. आता खरं सांगायचं तर दुसरा कोण तपासतंय? पहिल्यानं बघितलंय ना, मग झालं, म्हणून दुसरा सही ठोकतो आणि चहाला जातो. सगळेच करतात. अक्षराही करायची, नऊ वर्षं.

गेल्या जानेवारीत एका मंगळवारी सात वाजता गुरुजींचा फोन आला. आवाज असा की मॅट्रिकचा निकाल लागलाय. "अक्षरा, कामात हायस? भोवरीत एक ठिपका दिसतोय गं. माझ्या कुठल्याच नकाशात न्हाय. तारा फुटलाय की काय बघ! मी जागा सांगत न्हाय तुला. तू तुझ्या सहा इंची दुर्बिणीतनं बघ आन् तूच सांग, कुठं हाय. दोन नजरा जुळल्या की मी नव्या ताऱ्यांची यादी ठेवणाऱ्यांकडं नोंद पाठवतो. आज आभाळ न्हाय मोकळं झालं तर उद्या बघ, परवा बघ. पर बघूनच सांग."

दोन वर्षांपूर्वी असाच एक ठिपका गुरुजींनी हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकला होता आणि तो निघाला जुनाच लघुग्रह. कुणीतरी लिहिलं होतं, गुरुजी, मोतीबिंदूचं बघा आता. खाली पन्नास जणांचे हसरे चेहरे. त्यानंतर महिनाभर गुरुजींनी दुर्बिणीची ताडपत्री काढली नव्हती. ऑपरेशन झालेले डोळे, सत्तरीचं वय. पुन्हा तोंडघशी पडणार हा माणूस, तिला वाटलं. त्यापेक्षा आपणच काय न्हाय म्हणून सांगावं, गप बसतील. बाहेर तिन्हीसांजेपासून अवकाळी ढग भरून आलेले. तिनं दुर्बीण तर सोडाच, गॅलरीचं दारसुद्धा उघडलं नाही.

नऊ वाजता फोन केला. "आप्पा, बघितलं. तिथं काय न्हाय."

"नीट बघितलंस?"

"व्हय आप्पा."

"आभाळ कसं हाय तिकडं?"

"मोकळं हाय. मस्त."

मग गुरुजी म्हणाले, "बरं. जेवलीस काय?"

पुढच्या सोमवारी जगभर बातमी झाली. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा हौशी माणसानं त्याच दीर्घिकेत फुटलेला तारा शोधला होता. चित्र सगळ्या ग्रुपवर फिरलं. ठिपका होता, चांगला ठळक. अक्षरानं फोन लावला. गुरुजी म्हणाले, "व्हय, बघितलं. चांगलं काढलंय चित्र." एवढंच. सप्टेंबरात गेले तोवर त्यांनी त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. आणि नाव म्हणाल, तर त्यांना एकच हौस होती, तीही ते हसत हसत सांगायचे. आईचा अंगठा वहीवर उठला, आपलं नाव एकदा असल्या शोधाच्या कागदावर उठू दे.

ते बापाच्या हातातनं आपण घालवलं, हे अक्षरा रोज गिळत होती. आईला सांगितलं नव्हतं. आता उद्या सकाळी शाळेचा टेंपो येणार होता. दुर्बीण शाळेला दिली होती आणि तानीबाई लेकीबरोबर मच्छेला निघाली होती. आजची संध्याकाळ शेवटची. आज सुटका झाली नाही तर हा माणूस रिकाम्या गच्चीवर तसाच मान खाली घालून बसून राहील, आणि आपल्याला कधी बघायलाही मिळणार नाही, या विचारानं तिचा जीव घाबरा झाला होता.

आठ वाजता मायलेकी वर आल्या. तानीबाईनं वही आणि लाल कागद लावलेली बॅटरी घेतली होती. तीस वर्षं हे तिचंच काम. बघणाऱ्यानं डोळा न काढता बोलायचं, लिहिणाऱ्यानं ते मोठ्यानं म्हणून घ्यायचं आणि मग लिहायचं. लिहिलेलं खोडायचं नाही, चुकलं तर खाली नवी नोंद. तानीबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. गुरुजींनी शिकवलं ते ह्याच गच्चीवर, ह्याच लाल उजेडात, म्हणून तिच्या ओळी अजून तिरक्या जातात.

तिनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला, काहीतरी शोधलं आणि लिहिलं. "निपाणी शून्य. सांबरा शून्य."

"सांबऱ्याचं कशाला गं आई?"

"लिहायचं असतंय. तू डोळा लाव."

अक्षरानं डोळा लावला. भोवरी होती. नजर डावीकडं सरकली. बाप होता.

बराच वेळ गेला. खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला.

"काय बघतीयास?" तानीबाईनं विचारलं.

"भोवरी."

"खोटं बोलू नको. तीस वर्सं बसले मी हितं. भोवरी बघणाऱ्याची मान हलत न्हाय. तुझी हलतीया, नोव्हेंबरापासनं." मग आवाज खाली आला. "गुरुजी दिसत्यात तुला."

"व्हय," ती म्हणाली.

तानीबाई बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग होता, चक्क हेवा होता. "मी रोज वर येते. रोज! झाडलोट करते, स्टूल पुसते. मला एकदाबी दिसलं न्हाईत. चाळीस वर्सं भाकरी मी घातली आन् दिसत्यात तुला." तिनं पदरानं नाक पुसलं. "कसं बसल्यात?"

"मान खाली घालून. हातात काहीतरी हाय. त्याचा उजेड पडलाय तोंडावर."

"बॅटरी?"

"न्हाय. लाल न्हाय उजेड. पांढरा हाय."

तानीबाईच्या हातातलं पेन थांबलं. आणि अक्षराचा बांध फुटला. डोळा तसाच काचेला लावून तिनं सगळं सांगितलं. तो मंगळवार, ते ढग, न उघडलेलं दार. "आई, मी बघितलंच न्हवतं गं. मोकळं हाय म्हणून सांगितलं. माझ्यामुळं गेलं त्यांचं. ते माझ्यावर रागावून बसल्यात हितं."

तिला वाटलं, आई उठून जाईल. आईनं वहीची पानं मागं उलटली, एक पान काढलं आणि बॅटरी त्यावर धरली. "वाच."

आईचं तिरकं अक्षर. भोवरी. गाभ्याच्या खालच्या अंगाला ठिपका, नकाशात नाही. निपाणी एक. सांबरा आठ. त्याखाली: दुसरी नजर अक्षरा. बघितलं, काही नाही. आभाळ मोकळं.

"सांबरा आठ म्हंजे काय?"

"सांबऱ्याच्या विमानतळावर, तुझ्या मच्छेच्या जवळच, आभाळ बघत्यात. आठ वाटं करायचं, त्यातलं किती झाकलं ते. मोबाईलवर येतंय. एक म्हंजे एक वाटा ढग. आठ म्हंजे सगळं झाकलं, चांदणीबी दिसायची न्हाय." तानीबाईनं आधीची पानं चाळून दाखवली. सांबरा दोन. सांबरा शून्य. सांबरा पाच. प्रत्येक पानावर. "तू मच्छेला गेलीस तवापासनं. नऊ वर्सं. पोरीच्या डोक्यावर आज आभाळ कसं हाय, ते आधी बघायचं आन् मग आपलं बघायचं. तुझा फोन आल्यावर परत बघितलं त्यांनी. आठच हुतं."

अक्षरा दुर्बिणीच्या पायाला धरून खाली बसली. "म्हंजे ठावं हुतं त्यास्नी. मी बोलत असतानाच ठावं हुतं."

"मी म्हनाले, गुरुजी, पोरगी खोटं बोलतीया. तुमी एकट्याच्या नावानं पाठवून टाका. कोण अडवतंय तुमाला? तर म्हनाले, मी पाठवलं आन् ते खरं निघालं, तर पोरगी जन्मभर माझ्यासमोर खोटी पडंल. तिला तिचं सांगू दे. सांगंल ती. उद्या सांगंल." तानीबाईनं बॅटरी विझवली. "पाच रोज थांबलं. दिवस मावळला की फोन घिऊन ह्या स्टुलावर येऊन बसायचं. ताट वर आणून दिलं मी. फोनकडं बघत बसायचं, उजेड तोंडावर. सहाव्या रोजी ती बातमी आली. मग फोन खिशात टाकला आन् म्हनाले, चल, खाली जेवू."

अक्षरा हंबरडा फोडून रडली. खाली गुणाबाईंच्या अंगणात कुणीतरी दिवा लावला आणि पुन्हा मालवला. "मग नंतर आठ म्हैनं होतं की गं! एकदा तरी इचारायचं मला!"

"त्यांनी इचारलं न्हाय. तूबी सांगितलं न्हाईस." तानीबाईच्या आवाजात माया होती, पण तिनं शब्द मऊ केले नाहीत. "ऊठ आता. डोळा लाव आन् सांग. मी लिहिते."

अक्षरा उठली. डोळे पुसले, डोळा लावला. भोवरी आता थोडी पश्चिमेला सरकली होती. तिनं दुर्बीण हातानं हळूच मागोमाग नेली आणि बोलली.

"मागच्या जानेवारीची नोंद. मी बघितलं न्हवतं. आभाळ झाकलेलं हुतं. आप्पांचा ठिपका खरा हुता."

"मी बघितलं न्हवतं," तानीबाईनं मोठ्यानं म्हणून घेतलं. "आभाळ झाकलेलं हुतं. आप्पांचा ठिपका खरा हुता." बॅटरी लागली, पेन कागदावर खरखरलं, बॅटरी विझली. मग तिनं विचारलं, अगदी हळू, नव्या नवरीनं विचारावं तसं, "बसल्यात का गं अजून?"

अक्षराची नजर भोवरीवर होती. थेट भोवरीवर, त्यामुळं तीही दिसत नव्हती. डावीकडं जाऊ म्हणेना नजर. तीन महिने ह्या माणसानं जावं म्हणून तिनं काय नाही केलं, आणि आता तो असावा, नुसता मान खाली घालून का होईना पण असावा, असं तिला पोटातून वाटत होतं. न बघताच सांगता आलं असतं. बसल्यात आई, वर बघायला लागल्यात. आईनं ते धरून ठेवलं असतं, जन्मभर. किती सोपं होतं ते. आणि त्यात वाईट तरी काय होतं?

तिनं नजर डावीकडं सरकवली. थांबली. मग डोळा काढून मान वळवली आणि सरळ बघितलं. मग हात लांब करून स्टूल चाचपलं. लाकूड गार होतं, त्यावर दव पडलं होतं.

"बघितलं," ती म्हणाली. "न्हाईत."

"बघितलं. न्हाईत," तानीबाई मोठ्यानं म्हणाली, आणि बॅटरी लावून तिनं ते वेळेसकट लिहून घेतलं.